ते तीन मिलिमीटर कुठून कापले?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं त्याला धरून राहील. दोन लॅपटॉप नजरेत आहेत, दोन्ही १४ इंची. पहिला १५ मिलिमीटर जाड, वजन १.२ किलो, पडदा १६:९ म्हणजे चांगलाच रुंद, १९२० × १०८० पिक्सेल, रॅम ८ जीबी आणि तीही सोल्डर केलेली, म्हणजे मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किटला) कायमची डाग दिलेली, बॅटरी ४२ वॉट-अवर (किती वीज साठते त्याचं माप), डाव्या बाजूला दोन यूएसबी-सी पोर्ट आणि बस्स. दुसरा १८ मिलिमीटर, १.४ किलो, पडदा १६:१०, १९२० × १२०० पिक्सेल, रॅम १६ जीबी, बॅटरी ५७ वॉट-अवर, शिवाय एचडीएमआय आणि जुन्या पद्धतीचा चौकोनी यूएसबी. प्रोसेसर दोघांत तोच. काम अनुवादाचं, थोडं स्प्रेडशीटचं, आणि महिन्याला चार-पाच छोटे व्हिडिओ कापण्या-जोडण्याचं. मन पहिल्यावर बसलंय, कारण तो ‘हातात घेतला की वहीसारखा वाटतो’. घेतल्यावर परत करायची मुदत आहे, त्यात काय तपासू, असं विचारलंय.

मी लॅपटॉप विकत नाही, उघडतो. त्यामुळे माझी नजर जरा वाकडी आहे हे आधीच कबूल करतो. माझ्या टेबलावर बिघडलेलेच येतात. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारे मला दिसतच नाहीत. तेवढी सूट देऊन पुढचं वाचा.

माझी पारखायची रीत एकच आहे. प्रोसेसर तोच, इंच तेच, आणि जाडीत ३ मिलिमीटरचा फरक. ते तीन मिलिमीटर आकाशात विरलेले नाहीत. कुठूनतरी कापलेत. पंख्यातून, बॅटरीतून, कळांच्या खोलीतून, झाकणातून, पोर्टमधून किंवा या सगळ्यांतून थोडे थोडे. कुठून कापले ते शोधायचं आणि ती जागा आपल्या कामाची आहे का ते बघायचं.

आधी जाडीचा आकडाच तपासा. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा सगळ्यात बारीक कडेचा असतो, आणि खालचे रबरी पाय त्यात धरलेले नसतात. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला आणि बारीकपणाची शर्यत लागली. तो लॅपटॉप पुढच्या कडेला ०.४ सेंटिमीटर होता, पण मागच्या बाजूला १.९४. यूएसबी पोर्ट एकच, आणि २ जीबी रॅम सोल्डर केलेली. २०११ साली इंटेलने अशा बारीक लॅपटॉपसाठी ‘अल्ट्राबुक’ हे नाव पुढे आणलं आणि बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेला लागल्या. तेव्हा लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि मागच्या बाजूने, टेबलापासून झाकणाच्या माथ्यापर्यंत पट्टीने मोजा. १५ चे १८ निघाले तर दचकू नका.

आता उष्णतेकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

प्रोसेसर तोच म्हणजे वेग तोच, हा हिशेब चुकीचा आहे. प्रोसेसरला सतत किती वीज खाऊ द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एकाच नावाचा प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये १५ वॉटवर बांधलेला असतो, तर दुसऱ्यात २८ वॉटपर्यंत मोकळा सोडलेला. शिवाय काम सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद, कधी अर्धा मिनिट, तो या मर्यादेच्या बराच वर जातो. त्या वेळेत प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी आणि तिच्या पंखाळ्या पट्ट्या गार असतात, उष्णता पिऊन घेतात. त्या तापल्या की खरी परीक्षा सुरू होते. तापमान १०० अंशांच्या आसपास पोचलं की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. दुकानात दोन मिनिटं हाताळून ‘काय पळतोय!’ म्हणणारा माणूस त्या पहिल्या अर्ध्या मिनिटालाच दाद देत असतो.

बारीक लॅपटॉपमध्ये पंखाही बारीक. पाती लहान, हवा ओढायला फट कमी, म्हणून त्याला जास्त जोरात फिरावं लागतं आणि आवाज वरच्या पट्टीतला येतो. मोठ्या पंख्याची घरघर कानाआड करता येते, ही चिरकी शीळ मात्र डोक्यात जाते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग मिळवायला अवाच्या सवा वीज जाते. उलटं पाहिलं तर वीज निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही, त्याहून बराच कमी घटतो. तुमच्या अनुवादाच्या कामाला तर दोन्ही लॅपटॉप सारखेच. टाइप करताना प्रोसेसर जवळजवळ झोपलेलाच असतो. फरक पडेल तो व्हिडिओत. आणि बारीक म्हणजे तापणारच असंही नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता, आणि तरी तो रोजच्या कामात दमत नव्हता. चिप कमी वीज खाणारी असेल तर बारीक शरीर तिला पेलतं. तुमच्या दोन्हींत तोच प्रोसेसर आहे, म्हणून तो मुद्दा इथे लागू नाही.

तपासणी सोपी आहे. तुमच्या नेहमीच्या कामातला दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि लागोपाठ तीनदा एक्सपोर्ट करा, म्हणजे तयार फाइल काढा, मध्ये विश्रांती न देता. प्रत्येक वेळ लिहून ठेवा. पहिल्यांदा ४ मिनिटं आणि तिसऱ्यांदा साडेचार, तर काहीच हरकत नाही. ४ ची ६ झाली, तर ते तीन मिलिमीटर इथूनच कापलेत असं समजा. हेच एकदा चार्जर काढून करा. काही लॅपटॉप बॅटरीवर आले की निम्म्या दमाने चालतात आणि हे परीक्षणांत क्वचितच सांगितलेलं असतं. तिसऱ्या एक्सपोर्टच्या वेळी तळवे टेकतात त्या जागेवर हात ठेवा. कळांच्या वरची पट्टी तापली तर चालेल, तळव्याखाली चटका नको.

रबरी पायांचा उल्लेख वर केला, त्याची एक गोष्ट. एकजण बारीकसा लॅपटॉप घेऊन आले, ‘रोज तासाभराने हँग होतो’ म्हणून. आधी कुणीतरी विंडोज दोनदा नव्याने टाकलं होतं, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही बदललेली होती. मी उलटा केला तर मागचे दोन्ही रबरी पाय गळून पडलेले. खालची हवा ओढायची जाळी टेबलाला चिकटत होती. दोन नवे पाय चिकटवले, तक्रार गेली. बारीक लॅपटॉपमध्ये त्या दोन-तीन मिलिमीटरच्या रबरावर सगळा श्वास अवलंबून असतो. गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या दुलईवर ठेवून वापरणार असाल तर हा विचार आत्ताच करा.

पडद्याचं आता. इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. त्यामुळे ‘१४ इंच’ या शब्दात आकार दडून जातो. तुमच्या पहिल्या लॅपटॉपचा पडदा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद आणि १७.४ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे ५४० चौरस सेंटिमीटर. दुसऱ्याचा ३०.२ बाय १८.८, म्हणजे ५६८. जुन्या ४:३ आकारात हेच १४ इंच ६०० चौरस सेंटिमीटरच्या वर जायचे. आकार जितका लांबट, तितकी त्याच इंचात जागा कमी. मला याची गंमत अशी वाटते की रुंद पडदा म्हणून जो जास्त मोठा भासतो, तोच प्रत्यक्षात लहान असतो.

२००५ च्या आसपास १६:१० हा लॅपटॉपचा नेहमीचा आकार होता, १२८० × ८०० पिक्सेलचा. पुढच्या चार-पाच वर्षांत सगळे १६:९ वर गेले, कारण टीव्हीही त्याच आकाराचे होते आणि पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या काचेच्या, कारखान्यांना तसं कापणं परवडायचं. १३६६ × ७६८ चे ते पडदे ज्यांनी वापरलेत त्यांना आठवत असेल, पानाची सहा-सात वाक्यं दिसायची आणि बाकी सगळी मेनूंची गर्दी. २०२० नंतर १६:१० परत आलं ते उगाच नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? १४ इंचांवर १९२० × १०८० हे विंडोजमध्ये १०० टक्क्यांवर कुणी वाचत नाही, अक्षरं मुंगीएवढी दिसतात. तुम्ही १५० टक्के ठेवाल. मग कामाची जागा उरते १२८० × ७२० एवढी. त्यातून टास्कबार, ब्राउझरच्या टॅब, पत्त्याची पट्टी आणि लिखाणाच्या प्रोग्रॅमची वरची रिबन वजा करा. दुसऱ्यात हीच जागा १२८० × ८००. हे ८० पिक्सेल पूर्ण मजकुराला मिळतात, कारण पट्ट्या सगळ्या आधीच दिलेल्या असतात. त्यात तुम्ही मराठी टाइप करता. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, ओळींमध्ये अंतर जास्त ठेवावं लागतं, म्हणून उंची कमी झाली की रोमन लिपीपेक्षा आपलं नुकसान अधिक.

रुंद पडद्याच्या बाजूने नेहमी सांगतात की दोन खिडक्या शेजारी शेजारी मांडता येतात, डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे अनुवाद. १५.६ किंवा १७ इंचांवर हे खरं आहे. १४ इंचांवर १५० टक्के मोठं केल्यावर प्रत्येकीला ६४० पिक्सेल येतात, आणि बऱ्याच संकेतस्थळांची पानं तेवढ्या रुंदीत मोबाइलसारखी घडी घालतात. रुंदीचा खरा फायदा स्प्रेडशीटमध्ये, व्हिडिओच्या टाइमलाइनमध्ये, आणि काळ्या पट्ट्यांशिवाय चित्रपट बघण्यात. तो तुम्हाला किती हवा ते तुम्हीच ठरवा. दोन्ही पडद्यांची रुंदी पिक्सेलमध्ये तर सारखीच आहे, १९२०.

पॅनेलच्या दर्जाचा आकाराशी संबंध नाही, पण परत करायच्या मुदतीत हे नक्की पाहा. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांची व्याप्ती मोजायचं एक माप) असं लिहिलं असेल तर रंग फिके असणार. असं पॅनेल एसआरजीबीचे, म्हणजे संगणकावरच्या नेहमीच्या रंगसंचाचे, जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास रंग दाखवतं, व्हिडिओचे रंग त्यावर जुळवू नका. उजेड २५० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) म्हणजे खिडकीपाशी बसल्यावर डोळे बारीक करावे लागतील. ३०० ठीक, ४०० ला सुख. रात्री खोलीत अंधार करून पूर्ण काळं चित्र लावा आणि कोपऱ्यांतून उजेड झिरपतोय का बघा. मग उजेड २० टक्क्यांवर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहा. सरकत्या काळ्या पट्ट्या ठळक दिसल्या तर पडदा लुकलुकतोय. आठ तास मजकूर वाचणाऱ्या माणसाचं डोकं त्याने दुखू शकतं. ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा) घ्या असं कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा की त्याचा काळा रंग अप्रतिम, पण तुमचं काम पांढऱ्या पानावरचं. पांढरं पान दाखवताना तो वीज जास्त खातो, आणि रोज एकाच जागी उभा असलेला टास्कबार वर्षानुवर्षांनी ठसा सोडू शकतो.

कीबोर्ड. टेबलावरच्या साध्या कीबोर्डची कळ साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते. लॅपटॉपची दीड, बारीक लॅपटॉपची एक-सव्वा. बारीकपणाचा हट्ट किती महागात पडतो याचं उदाहरण इथेच आहे. २०१५ पासून अ‍ॅपलने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलणाऱ्या, ‘बटरफ्लाय’ रचनेच्या कळा आणल्या. धुळीच्या कणाने कळ अडकायची, नाहीतर एकाच दाबात अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ साली कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि २०१९-२० मध्ये जुन्या कात्रीसारख्या रचनेकडे, १ मिलिमीटरच्या खोलीकडे परत यावं लागलं.

तुम्ही इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कळमांडणीत, टाइप करत असाल तर एक खास परीक्षा सांगतो. ‘डॉक्टर’ हा शब्द वीसदा टाइप करा. ड चौकटी कंसाच्या कळेवर, ॉ त्याच्या पलीकडच्या तिरप्या रेघेच्या कळेवर, ट एंटरला चिकटून. कीबोर्डची रुंदी वाचवायची झाली की कंपन्या आधी या उजव्या टोकाच्या कळा चिंचोळ्या करतात, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला त्या क्वचित लागतात. आपल्याला त्या दर वाक्यात लागतात. ‘डॉक्टर’ लिहिताना एंटर दाबला जात असेल तर तो कीबोर्ड तुमचा नाही. मग मधल्या कळांवर, म्हणजे प आणि र च्या आसपास, बोटाने जरा जोर द्या. सगळा पत्रा खाली दबत असेल तर आतला आधार कमी आहे. उघडून पाहिलं तर अशा लॅपटॉपमध्ये कीबोर्ड प्लॅस्टिकच्या बारीक रिव्हेट्सनी वरच्या झाकणाला कायमचा ठोकलेला असतो. एक कळ बिघडली की पूर्ण वरचा भाग बदलायचा.

बिजागरी हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून त्यावर मला बोलू द्या. झाकण जितकं पातळ, तितकी बिजागरी धरून ठेवायला जागा कमी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळेच्या छोट्या नटांत बसतात आणि ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले असतात. बिजागरी कालांतराने घट्ट होते, माणूस रोज एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडतो, आणि एक दिवस खुंटी नटासकट उपटून येते. तोवर पडद्याची पट्टी उकललेली असते, कधी केबलही पिंजलेली. रुंद झाकणात हा त्रास जास्त, कारण कोपरा बिजागरीपासून लांब आणि पीळ मोठा. धातूचं अंग असेल आणि बिजागरी थेट धातूत कसलेली असेल तर निम्मी काळजी मिटते.

परीक्षा अशी. झाकण अर्धं उघडा, एका वरच्या कोपऱ्याला दोन बोटांनी हलकेच पुढे-मागे करा. दुसरा कोपरा मागे रेंगाळत असेल तर झाकण लेचंपेचं आहे. लॅपटॉप एका बोटाने उघडतो का, ही दुकानातली आवडती करामत. त्यावरून फार काही ठरत नाही. सैल बिजागरीही एका बोटाने उघडते आणि मग टाइप करताना पडदा डुलत राहतो. झाकण बंद करून कडेने पाहा, दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का. आणि कॅमेऱ्यावर सरकतं झाकण चिकटवायची हौस असेल तर ती बारीक लॅपटॉपवर करू नका. कळा आणि काच यांच्यात जागाच नसते. बंद करताना त्या ठिपक्यावर दाब येऊन काच तडकलेले पडदे मी बदललेत, आणि अ‍ॅपलने २०२० साली आपल्या ग्राहकांना याबद्दल सावध केलं होतं.

कॅमेरा, स्पीकर यांवर वेळ घालवत नाही. पातळ झाकणात मोठा सेन्सर मावत नाही, खाली तोंड केलेला स्पीकर टेबलाला ऐकू येतो. दोन्हींत थोडंफार असंच असेल.

बॅटरीचा हिशेब मात्र कागदावर करा, ‘१४ तास चालते’ या वाक्यावर जाऊ नका. ते १४ तास बहुतेकदा मंद उजेडात, लॅपटॉपमध्येच साठवलेला व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. लिखाण, ब्राउझर आणि वायफाय मिळून सरासरी ७ वॉट लागतात असं धरा. ४२ ला ७ ने भागलं की ६ तास, ५७ ला भागलं की ८ तासांहून थोडं जास्त. व्हिडिओच्या कामाला २५ वॉट धरले तर पहिला पावणेदोन तासांच्या आत संपला. आणि बॅटरी झिजते. काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली की ४२ चे ३३-३४ उरतात, म्हणजे लिखाणाचे पाच तासही नाहीत. मोठ्या बॅटरीचा फायदा पहिल्या दिवशी जाणवत नाही, तिसऱ्या वर्षी जाणवतो. लॅपटॉप हातात आला की विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा, powercfg /batteryreport या कमांडने तो मिळतो. मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी लिहिलेली असते. नव्यात मोठी तफावत दिसली तर तो बराच काळ गोदामात पडून असावा, किंवा कुणीतरी वापरून परत केलेला. सतत चार्जरवर ठेवणार असाल तर ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का तेही पाहा.

बारीक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या पोटाखालीच पसरलेली असते. एक बाई टचपॅड बिघडला म्हणून घेऊन आल्या, क्लिक होत नाही म्हणाल्या. टेबलावर ठेवला तर लॅपटॉप चक्क डुगडुगत होता. बॅटरी फुगून खालून टचपॅडला ढकलत होती. पुढे कधी क्लिक कडक झालं किंवा खालचा पत्रा बाहेर आला, तर दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जिंग बंद करा आणि बदलून घ्या.

रॅम. सोल्डर केलेल्या रॅमला लोक सरसकट शिव्या देतात, ते पटत नाही. ती बऱ्याचदा जास्त वेगवान असते आणि वीज कमी खाते, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो. अडचण सोल्डरची नाही, ८ च्या आकड्याची आहे. ग्राफिक्स त्यातलाच वाटा घेतं, विंडोज आपला घेतं, ब्राउझरच्या वीस टॅब उरलेलं खातात, आणि मग व्हिडिओचा प्रोग्रॅम उघडला की एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या जागेवर, उसनवारी सुरू होते. आज हे जेमतेम चालेल. वाढवायची सोय नाही, म्हणून उद्याही जेमतेमच राहील. दुसऱ्यातली १६ जीबी एकाच पट्टीत आहे की दोन मार्गांत (ड्युअल चॅनल) वाटलेली, हे टास्क मॅनेजर किंवा माहितीपत्रकातून पाहून घ्या. एकच पट्टी असेल तर ग्राफिक्स मंदावतं. एसएसडी मात्र दोन्हींत वेगळी निघणारी हवी. ती मदरबोर्डवर सोल्डर असेल तर मदरबोर्ड गेला की तुमचा मजकूरही त्याच्याबरोबर गेला.

पोर्टबद्दल एकच मुद्दा, जो माहितीपत्रकात नसतो. पूर्वीची गोल चार्जिंग पिन वायरच्या तुकड्यावर असायची, सैल झाली की तेवढा तुकडा बदलायचा. यूएसबी-सी बहुतेकदा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. दोनच पोर्ट, दोन्ही एकाच बाजूला, त्यातलं एक चार्जिंगला अडकलेलं, आणि दुसऱ्यात कायम हब (एका पोर्टचे अनेक करणारं जोडयंत्र) लोंबकळतंय, ही मांडणी मला सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं देते. कंपनीचं दुरुस्तीचं मॅन्युअल शोधा. त्यात चार्जिंग पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर दाखवला असेल तर तो लॅपटॉप माझ्या लेखी एक पायरी वर.

एवढं ऐकून पहिला अगदीच टाकाऊ वाटेल, तसं नाही. २०० ग्रॅम कमी म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. चार्जरही छोटा असतो, तोही वजनात धरा. जड म्हणून घरीच राहणाऱ्या लॅपटॉपपेक्षा रोज पिशवीतून फिरणारा बरा. तुम्ही फक्त अनुवाद करत असता, दिवसभर हिंडत असता आणि तोच लॅपटॉप १६ जीबीत मिळत असता, तर मी पहिलाच घ्या म्हटलं असतं. पण व्हिडिओ, ८ जीबी आणि मराठी मजकुराला कमी पडणारी उंची, या तिन्ही गोष्टी एका बाजूला जमल्यात. मी दुसऱ्याकडे झुकेन.

मात्र पहिला तुम्ही हातात घेतलाय, दुसरा फक्त कागदावर पाहिलाय. दुसरा आला की आधी ‘डॉक्टर’, मग झाकणाचे कोपरे, मग तीन एक्सपोर्ट, याच क्रमाने जा. पहिल्या दोन परीक्षांना पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि त्यांतच नापास झाला तर तिसरी करत बसू नका, खोक्यात घाला आणि १६ जीबीचा तिसरा पर्याय शोधायला लागा. खोकं आणि आतला थर्माकोल तोवर फेकू नका.